पायात रॉड आहे म्हणून यंदा ऊसतोडीला जावे का?

बीड जिल्ह्यातील एका भगिनीने पाठवलेल्या पत्राचा आशय, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे देत आहे.

"मी आणि माझे पती लग्नापासून दरवर्षी ऊसतोडीला जातो. त्यांचे वय पस्तीस आहे. जूनमध्ये पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर त्यांची मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. नडगीवर जखम होऊन हाड थोडे बाहेर दिसत होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून आत रॉड टाकला. जखम भरली, टाके निघाले. आता चार महिने झाले, तरी ते कुबडी घेऊनच चालतात आणि मोडलेल्या जागी दुखते म्हणतात. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हाडात अजून गॅप दिसतो, सहा आठवड्यांनी या, गरज पडली तर एक-दोन स्क्रू काढू. हे ऐकून घरात सगळ्यांचे धाबे दणाणले. सासूबाई म्हणतात, रॉडमुळेच हाड जुळत नाही, तो काढून टाका. मोठे दीर हाडवैद्याची पट्टी बांधायला सांगतात. पतींचे म्हणणे वेगळेच आहे. आत लोखंड आहे, आता काय मोडणार, दिवाळी झाली की निघू, असे ते म्हणतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्याआधीच घेतली होती आणि त्यातले बरेच पैसे दवाखान्यात गेले. मुकादम म्हणतो, त्यांना नुसते गाडीवर बसायला तरी आणा. शस्त्रक्रिया फसली का? रॉड काढावा का? आणि आम्ही जावे की नाही?"

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो, कारण दिवाळी तोंडावर आली आहे आणि मुकादमाला काय सांगायचे हे तुम्हाला लवकर ठरवावे लागणार आहे. तुम्ही लिहिले आहे त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. रॉड आत्ता काढणे हा समोर असलेल्या सर्व पर्यायांतला सर्वांत वाईट पर्याय आहे. आणि तुमच्या पतींनी या हंगामात कोयता हातात घेऊ नये, मोळी तर डोक्यावर अजिबात घेऊ नये. मी त्यांचा पाय किंवा एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या पायाच्या बारीकसारीक बाबतींत त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा समजावा. परंतु हंगामाच्या तोंडावर 'जाऊ का' असे विचारत माझ्या ओपीडीत जे पाय येतात, त्यांत आणि तुम्ही वर्णन केलेल्या पायात मला फारसा फरक दिसत नाही.

तुमच्या घरातील मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. हाड जोडण्याचे काम डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच केले, असे सर्वांनी धरून चालले आहे. सासूबाईंना वाटते की ते काम बिघडले, दिरांना वाटते की ते दुसऱ्याकडून करून घ्यावे, आणि पतींना वाटते की ते केव्हाच पूर्ण झाले. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेने हाड जुळत नाही. आम्ही हाडाच्या पोकळीतून वरून खाली एक सळई घालतो, तिच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसवतो आणि मोडलेले तुकडे एका रेषेत धरून ठेवतो, म्हणजे पाय आखूड होत नाही आणि पाऊल वाकड्या दिशेला फिरत नाही. जर्मनीतील गेरहार्ड क्युंचर या शल्यविशारदाने १९४० मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली, तेव्हापासून धातू आणि रचना पुष्कळ सुधारली, परंतु रॉडचे काम तेच राहिले आहे. दोन तुकड्यांमधील जागा भरून काढणारे नवे हाड तुमच्या पतींचे शरीरच तयार करते, आणि ते किती लवकर तयार होईल हे तिथे पोहोचणारे रक्त, तिथे पडणारा भार आणि मूळ जखम किती मोठी होती यांवर ठरते.

या बाबतीत नडगीचे हाड मुळातच कमनशिबी आहे. स्वतःच्या पायावर गुडघ्याच्या खालून घोट्यापर्यंत आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा, सगळीकडे कातडीखाली लगेच हाड लागेल. मांडीच्या हाडाभोवती चारी बाजूंनी मांस असते आणि त्या मांसातून हाडाला रक्त मिळते. नडगीच्या आतल्या बाजूला असे मांसच नाही, आणि घोट्याकडच्या तिसऱ्या हिश्शात तर रक्तपुरवठा आणखीच तोकडा असतो. त्यात तुमच्या पतींचे हाड जखमेतून बाहेर आले होते, म्हणजे त्या जागेच्या आजूबाजूचे जे काही रक्त पोहोचवणारे आवरण होते तेही फाटले. अशा पायाला जुळायला चार ते सहा महिने आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. हाड जुळण्यात अपयश आले असे आम्ही साधारणपणे नऊ महिने उलटल्यावर आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच पुढे सरकले नाही तेव्हा म्हणतो. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी 'अजून गॅप दिसतो' असे सांगितले, ते वेळापत्रकाबद्दलचे विधान आहे, निकाल नव्हे.

आता तुमच्या पतींच्या समजुतीकडे वळतो, कारण तिघांमध्ये मला तीच सर्वांत धोक्याची वाटते. आत लोखंड आहे म्हणजे पाय आता पूर्वीपेक्षा पक्का झाला, हा विचार स्वाभाविक आहे, पण तो उलटा आहे. नडगीतला रॉड बहुधा करंगळीपेक्षाही बारीक, म्हणजे आठ ते अकरा मिलिमीटर जाडीचा असतो, आणि त्याला दोन्ही टोकांना धरून ठेवणारे स्क्रू त्याच्याही निम्म्या जाडीचे असतात. हाड जुळू लागले की भार हाड आणि रॉड वाटून घेतात. हाड जुळलेले नसेल तर प्रत्येक पावलाला जवळजवळ सगळा ताण रॉडवर आणि त्या स्क्रूंवर येतो. एका झटक्यात रॉड क्वचितच मोडतो. तारेला एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवले की ती जशी थकून तुटते, तसा तो हजारो पावलांनी थकतो आणि बहुतेक वेळा मोडलेल्या जागेजवळच्या स्क्रूच्या छिद्रात तुटतो. त्याच्याही आधी स्क्रू तुटतात. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवसापासून पायात एक शर्यत चाललेली असते, ज्यात रॉड थकण्याआधी हाडाने जुळायचे असते. सपाट जमिनीवर साधे चालताना देखील गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन, पाचटावरून घसरत, अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढताना आणि प्रत्येक पायरीला सगळा तोल एका पायावर घेताना त्या बारीक सळईवर काय येत असेल, हे तुम्ही दोघांनी ते काम केलेले असल्याने माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक चांगले समजेल. आणि तुटलेला रॉड काढणे हे नवा रॉड घालण्याइतके सोपे नसते. खालचा तुकडा हाडाच्या पोकळीत खोल अडकून बसतो, तो बाहेर ओढायला वेगळी हत्यारे आणि बराच वेळ लागतो, आणि तेवढे करून हाड पुन्हा जूनमधल्या ठिकाणीच येते.

इतके वाचून पतींना पुन्हा बाजेवर झोपवून ठेवायचे, असा अर्थ मात्र कृपया काढू नका, कारण ती चूक मी याहून जास्त वेळा पाहतो. पायावर भार टाकणे आणि ओझे उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या शरीराचा भार मोडलेल्या जागेवर बेताबेताने पडणे ही हाड जुळण्यासाठी गरजेची गोष्ट आहे, कारण भार पडला की तिथल्या पेशींना हाड घालण्याची सूचना मिळते. सैबेरियातील कुर्गान या शहरात गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात पायाभोवती कड्यांची चौकट बसवून न जुळणारी हाडे जुळवण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा त्यांचे रुग्ण त्या चौकटीसकट चालत असत आणि ते चालणे उपचाराचाच भाग होते. आमच्याकडे मात्र डिस्चार्ज कार्डावर 'वजन टाकू नये' असे पहिल्या आठवड्यापुरते लिहिलेले वाक्य घरात चार-चार महिने पाळले जाते, कारण ते बदलले आहे हे तपासणीच्या गडबडीत कोणी नीट सांगत नाही. तुमचे पती चौथ्या महिन्यातही कुबडी घेतात, त्यावरून त्यांचा पाय जमिनीला केवळ टेकत असावा अशी मला शंका आहे. रॉडच्या बहुतेक रुग्णांना या टप्प्यावर सोसेल तेवढा, अगदी पूर्ण भार टाकण्याची मुभा असते. त्यांना ती आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा.

मुभा असेल तर पाय प्रत्यक्षात किती भार घेतो हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात मोठ्या माणसांचा वजनकाटा असतो. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची वीट किंवा फळी ठेवा. पतींनी डावा पाय विटेवर आणि उजवा काट्यावर ठेवून भिंतीला हात लावून सरळ उभे राहावे आणि उजव्या पायावर हळूहळू झुकावे. साठ किलोच्या माणसाचा काटा पंधरा-वीस किलोवर अडकत असेल, तर तो पाय केवळ सोबतीला आहे असे समजावे. दर आठवड्याला हाच आकडा एखाद्या वहीत तारखेसह लिहून ठेवला, तर तपासणीच्या वेळी त्या वहीचा मला तरी फार उपयोग होतो. कुबडी किंवा काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे दहांपैकी आठ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग सगळे शरीर त्या बाजूला कलून चाल बिघडते. गुडघ्याच्या वाटीपासून वर एक वीत मोजून दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. उजवी मांडी दोन-तीन सेंटिमीटरने बारीक निघाली तर आश्चर्य वाटू नये, पण ती भरून काढण्याचे काम आजच सुरू करावे. उताणे झोपून गुडघा सरळ ठेवून पाय उचलणे, भिंतीला धरून दोन्ही टाचा उचलणे, पायाच्या पंज्याला उपरणे अडकवून तो स्वतःकडे ओढून धरणे, एवढे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा केले तरी पोटरी आणि घोटा मोकळे राहतात. घोटा आखडून पाऊल खाली लोंबत राहिले, तर उद्या हाड उत्तम जुळूनही माणूस लंगडतच राहतो.

दुखते म्हणजे नेमके कुठे दुखते, हेही त्यांना एका बोटाने दाखवायला सांगा. रॉड गुडघ्याच्या वाटीच्या खालून आत घातलेला असतो, त्यामुळे उकिडवे बसताना, गुडघे टेकताना किंवा देशी संडासात बसताना वाटीसमोर दुखणे फार सर्रास आढळते आणि त्याचा हाड न जुळण्याशी काही संबंध नसतो. तोवर बसण्यासाठी भोकाची खुर्ची वापरावी. घोट्याजवळ बोट लावले की टोचते, ते बहुधा स्क्रूच्या डोक्याचे असते. मात्र पाऊल टाकले की बरोबर मोडलेल्या जागी कळ येते आणि पाय उचलला की थांबते, असे असेल तर ती जागा अजून हलते आहे असे समजावे. तुमच्या पत्रातील 'मोडलेल्या जागी' हे शब्द वाचूनच मी कोयत्याला इतक्या ठामपणे नकार दिला.

सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला जाईल, तेव्हा तो पाहण्याची रीत तुम्हालाही समजून घेता येईल. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हाडाच्या दोन पांढऱ्या कडा दिसतात आणि बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये आणखी दोन. या चार कडांपैकी किमान तीन ठिकाणी मोडलेली रेघ ओलांडून नवे हाड गेलेले दिसले की आम्ही हाड जुळले असे म्हणतो. म्हणून डॉक्टरांना 'बरे आहे का' असे विचारू नका, 'चारपैकी किती कडा जुळल्या, मागच्या वेळी किती होत्या' असे विचारा. त्यासाठी जूनपासूनच्या सर्व फिल्म सोबत न्या, कारण एकट्या फिल्मवरून हाड पुढे चालले आहे की जागच्या जागी थांबले आहे हे कळत नाही. घरोघरी या फिल्म पत्र्याखाली किंवा आढ्याला खोचलेल्या असतात आणि उन्हाने एकमेकींना चिकटून जातात. त्या कागद घालून सपाट ठेवाव्यात आणि उजेडासमोर धरून मोबाइलमध्ये त्यांचा फोटोही काढून ठेवावा.

डॉक्टर स्क्रू काढण्याबद्दल बोलले, त्याचीही धास्ती घेऊ नका. रॉडच्या एका टोकाचे स्क्रू काढले की त्या बाजूचा तुकडा रॉडवरून किंचित सरकू शकतो आणि चालताना दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. ही छोटी प्रक्रिया असते, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते, परंतु तिचा उपयोग माणूस नंतर चालला तरच होतो. प्रत्येक पायाला ती मानवते असेही नाही. तिरपे किंवा तुकडे-तुकडे झालेले हाड असेल तर पाय आखूड होण्याची भीती असते, म्हणून हा निर्णय एक्स-रे पाहणाऱ्यावर सोडावा. एवढ्याने काम भागले नाही, तर सहाव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास जुन्याच्या जागी थोडा जाड रॉड बसवणे, कमरेच्या हाडातून घेतलेले हाड त्या जागी भरणे, असे पुढचे मार्ग असतात आणि त्यांनी बहुतेक पाय जुळतात. त्याआधी जंतुसंसर्ग नाही ना, हे रक्ताच्या तपासण्यांवरून पाहून घ्यावे लागते, विशेषतः सुरुवातीला जखम उघडी होती म्हणून.

सासूबाईंना एवढेच सांगा की रॉड काढायचा झालाच, तर तो हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी काढतात, आणि त्रास नसेल तर कित्येक जणांच्या पायात तो जन्मभर राहतो. आज काढला तर पाय मधोमध वाकेल. हाडवैद्याकडे लोक का जातात हे मला समजते. तो गावात असतो, वेळ देतो, पैसे कमी घेतो आणि घरच्या बोलीत बोलतो, यातले आमच्याकडे फारसे काही मिळत नाही. पण नडगीवरची कातडी पातळ, त्यात जुनी जखम, आणि त्यावर बांबूच्या कामट्या घालून आवळलेली पट्टी, यातून कातडी मरण्याचा आणि आत धातू असताना तिथे पू होण्याचा धोका असतो. ओढून केलेले मालिशही नको. दिरांचा मान ठेवायचाच असेल, तर त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि एक्स-रे त्यांच्याच हातात द्या.

तुम्ही पत्रात बिडी-तंबाखूचा उल्लेख केलेला नाही. पस्तिशीचा ऊसतोड करणारा पुरुष आणि चौथ्या महिन्यातही न जुळलेले हाड, असे एकत्र दिसले की मी तो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, म्हणून येथेही विचारतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो. ज्या हाडाला आधीच रक्त कमी, त्याला एवढे पुरेसे असते. तंबाखू मळून खाल्ली किंवा मिश्री लावली तरी निकोटिन रक्तात जातेच. बाकीच्या बहुतेक गोष्टी नशिबाच्या किंवा डॉक्टरांच्या हातात आहेत, ही एक मात्र पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. दुसरी बाब दुखण्यावरच्या गोळ्या आणि सुयांची. डायक्लोफेनॅकसारखी औषधे महिनोन्‌महिने घेतल्याने हाड जुळणे रेंगाळू शकते, आणि उन्हात, कमी पाण्यावर राबताना ती मूत्रपिंडाला फार महागात पडतात. शिवाय दुखणे दाबून त्याच पायावर काम करणे म्हणजे रॉडला थकवणेच होय. आहारात कॅल्शियमच्या गोळीपेक्षा प्रथिनांची उणीव मोठी असते, म्हणून भाकरीबरोबर वरण, हरभरा, शेंगदाणे, जमत असेल तर अंडी आणि दूध, हे रोज असावे. रक्तातील साखर आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावे.

आता जाण्या-न जाण्याचा प्रश्न. मुकादम म्हणतो, नुसते गाडीवर बसायला आणा, आणि आम्ही डॉक्टर लोकही कागदावर 'हलके काम करण्यास हरकत नाही' असे लिहून मोकळे होतो. फडात, म्हणजे उसाच्या तोडणीवर, हलके काम नसते, हे लिहिणाऱ्याला माहीत नसते. टायर बैलगाडी हाकणे म्हणजे पहाटेच्या अंधारात चढणे-उतरणे, बैलांचा हिसका सोसणे, ओल्या सरीतून आणि तुटलेल्या उसाच्या टोकदार बुडख्यांतून चालणे. आणि एकदा फडावर गेल्यावर, शेजारी तुम्ही एकट्या मोळ्या बांधत असताना, तुमचे पती गाडीवर बसून राहतील का? मला नाही वाटत. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिल्याने तपासणीची तारीख चुकते, हाही अनुभव आहे, कारण एका दिवसाचा खाडा म्हणजे पैसे कापणे असते आणि मग सहा आठवड्यांचे सहा महिने होतात.

तुम्ही एकट्याने अर्धा कोयता म्हणून किंवा नात्यातल्या कोणाबरोबर जोडीने जावे, हा पर्याय घरात बोलला गेला असेलच, तुम्ही तो लिहिलेला नाही. तो निवडण्यापूर्वी घरात एक हिशेब मांडावा. पतीच्या वाट्याची तोड आणि वाहतूक कोण करणार, मुले कुणाजवळ राहणार, आणि मागे राहिलेल्या माणसाला दवाखान्यात कोण नेणार, या तीन प्रश्नांची नावानिशी उत्तरे मिळाली तरच तो पर्याय खरा आहे. मिळाली नाहीत, तर एका मोडलेल्या पायाची भरपाई दुसऱ्या शरीराने करायची एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि हंगाम संपल्यावर पाठीचे मणके धरून माझ्याकडे येणाऱ्या बायका मी पाहतो. मुलांसाठी ऊसतोड कामगारांच्या पाल्यांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे आहेत. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी केल्यास जागेची माहिती मिळेल.

मला स्वतःला उचल पुढच्या हंगामावर वळती करून घेण्याचा मार्ग बरा वाटतो, आणि ते बोलणे दिवाळीनंतर गाडी दारात उभी राहिल्यावर नव्हे, आत्ताच व्हावे. मुकादमालाही फडात गेल्यावर पंधराव्या दिवशी माणूस मोडून पडण्यापेक्षा आज दुसरी जोडी शोधणे सोयीचे असते. डॉक्टरांकडून मराठीत लिहिलेला दाखला मागा. नडगीचे हाड अद्याप जुळलेले नाही आणि अमुक तारखेपर्यंत ओझे उचलणे, चढणे व वाकून काम करणे यांस मनाई आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. या कागदाने कर्ज फिटत नाही, हे मला माहीत आहे. पण गावातली चार शहाणी माणसे बसवून बोलताना हातात तो असला की 'हा कामचुकारपणा करतो' असे कोणाला म्हणता येत नाही. जे ठरेल ते, म्हणजे किती रक्कम आत्ता परत आणि किती पुढच्या वर्षी, लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोवर तुमच्यासाठी गावातच कापूस वेचणी आहे, पुढे तुरीची आणि हरभऱ्याची काढणी आहे. त्यात ऊसतोडीइतके पैसे नाहीत, पण घर चालण्यापुरते काही हाती येईल. दुसरी शस्त्रक्रिया लागलीच, तर तिच्यासाठी नवी उचल घेऊ नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला दाखल होण्यापूर्वीच शिधापत्रिका आणि आधार दाखवून ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे विचारून घ्या.

पुढच्या वर्षीच्या हंगामाला ते जातील का, असे तुम्ही पुढे विचाराल. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले, काठीशिवाय न लंगडता चालता आले, उजव्या एका पायावर उभे राहून तोल सांभाळता आला आणि मग शेतात पाच-दहा किलोपासून वाढवत नेलेले ओझे काही आठवडे न दुखता सोसले, तर वर्षभरानंतर कोयता धरायला हरकत राहू नये. माझ्या माहितीतले अनेक जण असे परत गेले आहेत, मात्र त्यांतले काही नंतर मोळी वाहण्याऐवजी तोडणीपुरतेच काम करतात.

शेवटी, सहा आठवडे थांबू नये अशी चिन्हे सांगतो. जुन्या जखमेच्या जागी लाली, ऊब किंवा सूज वाढली, तिथून पाणी किंवा पू आला, ताप आला, रात्री झोपेत ठणका लागू लागला, चालताना 'कट्‌' असा आवाज होऊन दुखणे एकदम वाढले, पाय वाकडा दिसू लागला, किंवा पोटरी सुजून घट्ट झाली आणि दम लागू लागला, तर त्याच दिवशी निघावे. शेवटचे लक्षण सर्वांत तातडीचे आहे, कारण पोटरीत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते. तुमचे डॉक्टर उपलब्ध नसतील तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात अपघात विभाग रात्रीही सुरू असतो. जाताना फिल्मबरोबर जूनमधले डिस्चार्ज कार्डही घ्या. रॉड कोणत्या कंपनीचा, किती लांबीचा आणि किती जाडीचा आहे, हे सांगणारे छोटे स्टिकर बहुधा त्यावर किंवा केसपेपरवर चिकटवलेले असते. नसेल, तर ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथून ती माहिती आत्ताच लिहून आणा, कारण त्या रॉडला कधी हात लावायची वेळ आली तर त्याच मापाची हत्यारे लागतात.